ओलीसनाट्य किती दिवस चालतं?

१७ डिसेंबर १९९६ च्या रात्री पेरूची राजधानी लिमा इथे जपानी राजदूतांच्या घरी मेजवानी रंगात आली असताना एमआरटीए या संघटनेचे १४ बंडखोर आत घुसले. शेकडो पाहुणे अडकले. वेढा चालला १२६ दिवस. आपल्याकडे २६/११ चा सगळा प्रकार साधारण साठ तासांत संपला.

बंदूकधारी काही पदरात पाडून घ्यायला आलेत की मरायला, यावर बरंच ठरतं. लिमातल्या बंडखोरांना तुरुंगातले चारशेवर साथीदार सोडवायचे होते. ओलीस मेले तर सौदाच संपला. शिवाय १४ जणांनी शेकडो लोक सांभाळायचे कसे? म्हणून बायकांना लगेच सोडलं, मग टप्प्याटप्प्याने बाकीच्यांना. उरलेल्यांसाठी रेडक्रॉस अन्नपाणी पोचवत राहिली. २६/११ ला मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये मात्र ओलिसांना मारायचे हुकूम पाकिस्तानातून फोनवर येत होते. ज्याच्या हाती निर्णयच नाही, त्याच्याशी वाटाघाटी करून काय निघणार?

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडूंचं हत्याकांड झालं, त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी वाटाघाटींचं खास पथक उभारलं. त्यांचं सूत्र साधं होतं: बोलत राहा, वेळ काढा. माणसं दमतात, डोकी थंड होतात. ते खरंच आहे, पण वेळ बाहेरच्यांच्याही कामी येतो, हे सांगताना राहून जातं.

लिमात सरकार एकीकडे बोलणी करत होतं, दुसरीकडे इमारतीखाली भुयारं खणत होतं. आवाज दबावा म्हणून बाहेर कर्ण्यांवर लष्करी संगीत लावलेलं. म्होरक्या सेर्पाला तरी खणण्याची चाहूल लागली आणि त्याने ओलिसांना वरच्या मजल्यावर हलवलं. बंडखोर मात्र दुपारी खालच्या दिवाणखान्यात फुटबॉल खेळत राहिले. २२ एप्रिल १९९७ ला खेळ चालू असतानाच जमिनीखाली स्फोट झाले आणि कमांडो आत घुसले. सेर्पाच्या खबरदारीमुळे ओलीस स्फोटांपासून लांब होते! ७२ पैकी ७१ वाचले. दोन कमांडो आणि सगळे १४ बंडखोर ठार झाले.

त्या बंडखोरांपैकी एकाला जिवंत पकडल्यानंतर मारलं गेलं, असा ठपका आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २०१५ मध्ये पेरूवर ठेवला. मला हा मुद्दा नुसता कायद्याचा वाटत नाही. शरण जाऊनही गोळीच मिळणार असेल, तर पुढच्या वेळी दाराआडचा माणूस हत्यार खाली ठेवेल कशाला?