कार्बनचा पट्टा आणि मागे पडलेलं चुंबक: स्टिक ड्रिफ्टची पार्श्वभूमी

अंगठा न लावताही व्हिडिओ गेममधलं पात्र एका बाजूला सरकायला लागलं, म्हणजेच कंट्रोलरच्या स्टिकला ड्रिफ्ट सुरू झाला, की पहिला आळ खेळणाऱ्यावर येतो. जोरात दाबलं असेल, पाडलं असेल, आत धूळ गेली असेल. कधीकधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा आतला भाग नुसत्या वापरानेच झिजलेला असतो, आणि तो झिजणार हे त्याच्या रचनेतच ठरलेलं असतं.

घरगुती कन्सोलवरच्या ॲनालॉग दांडीचं, म्हणजे किती झुकवली तेही ओळखणाऱ्या दांडीचं, एक सुरुवातीचं उदाहरण 1982 मधलं. त्या वर्षीच्या अटारी 5200 ची दांडी सोडल्यावर मध्यावर परतच येत नसे, आणि तिचे कंट्रोलर बिघडण्यासाठीच ओळखले गेले. अंगठ्याने फिरवायची स्टिक घरोघरी नेली ती 1996 च्या निन्टेन्डो 64 ने. तिच्याखाली खाचा पाडलेल्या दोन चकत्या होत्या आणि त्या खाचांतून जाणाऱ्या प्रकाशावरून हालचाल मोजली जाई. मोजणारा भाग कशालाच घासत नव्हता, त्यामुळे आजचा ड्रिफ्ट त्या स्टिकला फारसा माहीत नव्हता. झिजायचं ते प्लास्टिक. दांडीचा तळ वाटीत घासून पांढरी भुकटी पडे आणि स्टिक ढिली होई. ‘मारिओ पार्टी’त तर स्टिक गरगर फिरवण्याचे खेळ होते. मुलं ती तळहाताने फिरवत आणि हात सोलवटून घेत. अखेर 2000 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी समझोता होऊन निन्टेन्डोने हातमोजे पुरवायचं कबूल केलं.

त्याच 1996 मध्ये सेगाने सॅटर्न कन्सोलसाठी आणलेल्या थ्रीडी पॅडमध्ये चुंबक बसवलं होतं. 1998 च्या ड्रीमकास्टनेही तोच मार्ग धरला. भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी 1879 मध्ये नोंदवलेल्या परिणामावर ही रचना चालते: चुंबक हललं की सेन्सरमधला व्होल्टेज बदलतो आणि दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. जिथे घासणंच नाही तिथे मोजणीचा भाग झिजणार कसा? पण 2001 मध्ये सेगाने कन्सोल बनवणं थांबवलं आणि ही वाट मागे पडली. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी चुकामूक इथे झाली.

पुढे रूढ झाला तो पोटेन्शिओमीटर. सोनीच्या प्लेस्टेशनसाठी 1997 मध्ये आलेल्या ड्युअलशॉक कंट्रोलरपासून आजच्या बहुतेक कंट्रोलरपर्यंत तोच आहे. प्रत्येक स्टिकला असे दोन, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. कार्बनच्या पट्ट्यावरून धातूची छोटी पट्टी सरकते आणि तिच्या जागेनुसार व्होल्टेज बदलतो. भाग स्वस्त आणि आटोपशीर आहे, पण दर हालचालीला कार्बन थोडा थोडा खरवडला जातो. स्टिक सर्वांत जास्त वेळ मध्याच्या आसपास असते आणि तिथेच पट्टा खराब झाला की ‘मध्य’ म्हणून चुकीचा आकडा जातो. मध्यावर आणणारी स्प्रिंगही कालांतराने सैल पडते.

हे किती लवकर होतं, याचा हिशेब दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटने 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरसाठी मांडला. आतल्या स्टिकचं आयुष्य उत्पादकाने 20 लाख फेऱ्या दिलं आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन’ खेळताना मिनिटाला सुमारे 80 फेऱ्या धरल्या तर ते 417 तासांत संपतं. रोज दोन तास खेळणाऱ्यासाठी हे सात महिनेही होत नाहीत. अर्थात हा अंदाज आहे, त्या दिवशी स्टिक बंद पडते असं नाही. पण एवढ्या अल्पायुषी भागाची मोडतोड खेळणाऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला तो 2017 च्या निन्टेन्डो स्विचमुळे. त्याच्या जॉय-कॉन या छोट्या कंट्रोलरची स्टिक आणखी चपटी, तत्त्व तेच. 2019 मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, 2020 मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली, आणि 2023 मध्ये युरोपीय आयोगाकडून झालेल्या पाठपुराव्यानंतर युरोपात वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्ती देण्याचं मान्य झालं. ग्राहकांनी नेटाने तक्रारी केल्या म्हणूनच इथवर पोहोचता आलं.

घरच्या उपायांची पार्श्वभूमीही यातूनच समजते. कॅलिब्रेशन नवा मध्य ठरवतं आणि डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीचा हालचाल न मोजणारा भाग, वाढवला की बारीक हालचाल दुर्लक्षित होते. दोन्हींत झीज झाकली जाते, भरून येत नाही, आणि डेडझोनपायी नेम धरण्याची नजाकत जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सफाई केल्यास चिकटलेली भुकटी निघते; पट्टाच खरवडला असेल तर आराम तात्पुरताच. उरतो तो स्टिक बदलण्याचा मार्ग. जॉय-कॉनमध्ये ती स्क्रू आणि केबल काढून निघते, पण बहुतेक मोठ्या कंट्रोलरमध्ये ती बोर्डाला अनेक ठिकाणी सोल्डर केलेली असते. 2023 च्या ड्युअलसेन्स एजमध्ये सोनीने सोल्डरिंगशिवाय बदलता येणारं स्टिक मॉड्यूल दिलं, मात्र ते महागड्या कंट्रोलरपुरतंच.

चुंबकही परतलं आहे. गुलीकिटसारख्या कंपन्या हॉल सेन्सरच्या सुट्या स्टिक विकतात, आणि अलीकडे टीएमआर नावाचे कमी वीज खाणारे चुंबकीय सेन्सरही आले आहेत. तरीही 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 च्या जॉय-कॉनमध्ये हॉल सेन्सर नाहीत, हे निन्टेन्डोनेच स्पष्ट केलं.