पार्श्वभूमी : जुनी कादंबरी आणि डोक्यावरची टिंबे

मराठी कादंबरी १८५७ च्या 'यमुनापर्यटन'पासून मोजतात. बहुतेक वाचक मात्र जुन्या कादंबरीत शिरतात ते हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?'मधून. ती १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, आणि मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला कायद्याने मान्य असलेले वय, दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ चा. पहिल्या वाचकांनी कादंबरी त्या कायद्यावरच्या वादाच्या धगीतच वाचली.

आज अडते ते शीर्षकापासून. कुठे 'लक्षांत', कुठे 'लक्षात'. याचे मूळ १९६२ च्या लेखननियमांत आहे. व्युत्पत्तीने सिद्ध होणारे असोत वा नसोत, अनुच्चारित, म्हणजे उच्चारात न येणारे, अनुस्वार देऊ नयेत, असे ठरले आणि नांव, कांहीं, जेव्हां यांवरची टिंबे गेली. शाळकरी मुलांचा जाच कमी झाला, हे खरेच. पण काही टिंबे व्याकरणाचे काम करत होती. 'ती आली' म्हणजे एक बाई. 'तीं आलीं' म्हणजे मुले. 'मी गेलों' यातला 'मी' प्रथमेतला, 'मीं केलें' यातला 'मीं' तृतीयेतला. बायकामुलांनी भरलेल्या वाड्याचे वर्णन नव्या छपाईत वाचताना 'ती आली' नेमके कोण, हे कळायला मागचे वाक्य पुन्हा वाचावे लागते.

उलटी चूकही होते. जुन्या लेखनात 'घरांत' एका घरालाही चाले. आता एकवचनी 'घरात' आणि अनेकवचनी 'घरांत' असा भेद आहे. त्यामुळे जुन्या प्रतीत 'घरांत कोणी नव्हतें' असे दिसले की नव्या डोळ्यांना अनेक घरे दिसतात.

खरा वादाचा मुद्दा नियमावलीतल्या एका वेगळ्याच कलमाचा आहे. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीच्या गद्याचे उतारे मुळाबरहुकूम छापायचे. त्यांचे स्वतःचे आणि नंतरचे सगळे नव्या नियमांनी. म्हणजे १८५७ ची कादंबरी रेषेच्या अलीकडे सुरक्षित आणि १८९० ची पलीकडे. ही रेषा चुकीच्या जागी पडली. जिथे मराठी गद्य बोलीच्या जवळ येऊन बहरले, तिथूनच त्याचे मूळ रूप बदलायला मोकळीक मिळाली. शिवाय 'अनुच्चारित' कोणाच्या तोंडी? कोकणातल्या काही बोलींत तो नाकातला स्वर अजून ऐकू येतो.

आपट्यांचे निधन १९१९ चे, स्वामित्वहक्क तेव्हा मृत्यूनंतर पन्नास वर्षांचा. म्हणून १९७० पासून ही कादंबरी कोणीही छापू शकतो. सर्वांत घातक ती अर्धवट सुधारलेली प्रत. 'केलें'चे 'केले' झालेले, 'घरांत' तसेच राहिलेले. तिथे एकवचन की अनेकवचन हे सांगताच येत नाही. विकत घेण्याआधी मधलेच एखादे पान उघडून 'मीं केलें'सारख्या वाक्यातला मीं, कांहीं आणि एकाच घराबद्दलचे घरांत हे तीन शब्द शोधावेत. तिन्हींवर टिंब असेल तर लेखन जुने, एकावरही नसेल तर नवे. एकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशी प्रत परत ठेवावी.