झडतीला कारण कधीपासून लागू लागले?

झडती घ्यायला सरकारी माणसे दारात आली, तर कोणाच्या हुकमाने आणि कशासाठी, एवढे तरी आज विचारता येते. हा हक्क कोणा राजाने खुशीने दिलेला नाही. लंडनच्या छापखान्यातल्या कामगारांनी नुकसानभरपाईचे दावे लावून तो पदरात पाडून घेतला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

साल १७६३. खासदार जॉन विल्क्स याच्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्राच्या ४५व्या अंकात राजाच्या संसदेतील भाषणावर सडकून टीका झाली. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी लगेच वॉरंट काढले. या अंकाचे लेखक, मुद्रक आणि प्रकाशक यांना शोधा, पकडा, कागदपत्रांसह हजर करा, असा तो हुकूम. नाव मात्र एकाचेही नव्हते. कोणाला धरायचे ते वॉरंट घेऊन फिरणाऱ्यांनीच ठरवायचे. त्यांनी ४९ जणांना धरले. विल्क्सच्या घरातले कागद तर पोत्यात भरून नेले.

धरलेल्यांत हकल नावाचा छापखान्यातला एक कारागीर होता. त्याला जेमतेम सहा तास अडकवून ठेवले, तेही खाऊपिऊ घालून. आठवड्याला एक गिनी, म्हणजे एका पौंडाहून थोडी जास्त, मजुरी मिळवणाऱ्या या माणसाला ज्यूरीने ३०० पौंड भरपाई दिली, म्हणजे पाच वर्षांच्या कमाईहून जास्त! रक्कम अवाच्या सवा आहे, ती कमी करा, अशी तक्रार झाली. न्यायमूर्ती प्रॅट यांनी ती फेटाळली. हकलला इजा किती झाली हे मोजण्यात अर्थ नाही. कोणाचेही नाव नसलेल्या हुकमाने घरात शिरू पाहणारी सत्ता प्रत्येक प्रजाजनावर उगारलेली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे खुद्द विल्क्सला हॅलिफॅक्सविरुद्ध ४,००० पौंड मिळाले.

जॉन एंटिक या लेखकाचा खटला कायद्याच्या दृष्टीने याहून मोलाचा. त्याच्या वॉरंटात नाव होते, पण कागद कोणते जप्त करायचे याला धरबंध नव्हता. नोव्हेंबर १७६२ मध्ये सरकारी माणसांनी चार तास त्याचे घर उपसले. अशी वॉरंटे वर्षानुवर्षे निघत आली आहेत आणि राज्याच्या हितासाठी ती लागतातच, असा सरकारचा बचाव होता. तेव्हा लॉर्ड कॅम्डेन झालेल्या त्याच प्रॅटनी १७६५ मध्ये विचारले : हा कायदा असेल तर आमच्या ग्रंथांत दाखवा, तिथे नसेल तर तो कायदा नाही. नागरिकाला मनाई नसेल ते सगळे करता येते, सरकारला मात्र परवानगी असेल तेवढेच, या तत्त्वाचा एक मोठा आधार म्हणून हा निकाल अजून सांगितला जातो.

समुद्रापलीकडे, तेव्हा ब्रिटिश वसाहतीत असलेल्या बोस्टनमध्ये, जेम्स ओटिस हा वकील १७६१ मध्येच असा वाद हरला होता. तिथले जकात अधिकारी तस्करीचा माल शोधायला कोणत्याही घरात शिरत, आणि त्यांचे आज्ञापत्र राजाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांपर्यंत चाले. तो राग मुरत गेला आणि १७९१ मध्ये अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीत उतरला : सबळ कारण हवे, जागा आणि वस्तू नेमकी लिहिलेली हवी.

आपल्याकडे हे कलम येता येता राहिले, आणि ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात अवाजवी झडतीपासून संरक्षण होते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीतही तशी तरतूद आली. पण दर वेळी कोर्टाचे वॉरंट लागले तर पोलीस तपास कसा करणार, अशी शंका संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी काढली. सभेचे सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचाही विरोध होता. तरतूद गळली. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत तीच गोष्ट दुरुस्ती म्हणून मांडली. आंबेडकरांनी अनुकूलता दाखवूनही ती नामंजूर झाली.

त्याची किंमत लवकरच कळली. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले की, घटनाकारांनी अमेरिकेसारखे खासगीपणाच्या हक्काचे कलम घातलेले नाही, तर ते आम्ही ओढूनताणून आणणार नाही. ही भूमिका बाजूला सारायला २०१७ साल उजाडले. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

कायद्याची पुस्तके मात्र त्याच वेगाने बदललेली नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचे दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचे झाले, हे चांगलेच. पण सर्वसाधारण झडतीचे वॉरंट काढण्याचा न्यायालयाचा जुना अधिकार तिच्यातही कायम आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात तर त्याच २०१७ मध्ये स्पष्टीकरण घातले गेले : धाडीमागची कारणे कोणत्याही व्यक्तीला, प्राधिकरणाला किंवा अपील न्यायाधिकरणाला उघड केली जाणार नाहीत. तेही १९६२ पासून लागू, पूर्वलक्षी प्रभावाने.