करडा कागद (रेखाटनातील वापर)

रेखाटनासाठी वापरला जाणारा, उजेड व सावली यांच्या मधल्या छटेचा कागद. पांढऱ्या कागदावर उजेड कागदाचाच असतो, चित्रकार फक्त सावल्या भरत जातो. करड्या कागदावर मधली छटा आयती मिळते. काळ्या खडूने किंवा कोळशाने सावली आणि पांढऱ्याने उजेड एवढे केले की वस्तूला गोलाई येते. वेळ वाचतो, हा याचा सर्वांत मोठा फायदा.

युरोपात पूर्वी कागद चिंध्यांपासून बनत असे. शुभ्र कागदाला पांढऱ्या चिंध्या निवडून घ्याव्या लागत. उरलेल्या रंगीत चिंध्यांतून करडा, तपकिरी कागद निघे आणि तो बहुधा माल बांधायला जाई. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७४ मध्ये क्लोरीन वेगळा केला आणि त्या शतकाच्या अखेरीस लगदा या रसायनाने पांढरा करता येऊ लागला. तोवर स्वस्त कागद करडा असणे ही सक्तीच होती. चित्रकारांनी तिचा फायदा करून घेतला. दुसरी वाट कागद रंगवून घेण्याची. इटलीतील चित्रकार चेनिनो चेनिनी यांनी इ.स. १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ही कृती दिली आहे. चांदीच्या कांडीची रेघ साध्या कागदावर उमटत नाही, म्हणून हाडांच्या पुडीचा लेप आवश्यक असे, आणि त्यातच रंग मिसळता येई. व्हेनिसमध्ये निळा कागद चाले. जर्मन चित्रकार ड्यूरर तेथे १५०५ ते १५०७ या काळात होता. परतल्यावर त्याने निळा रंग दिलेल्या कागदावर जोडलेल्या हातांचे प्रसिद्ध रेखाटन केले (१५०८). असे कित्येक निळे कागद उजेडाने फिके पडून आज करडेच दिसतात.

पांढऱ्याचेही दुखणे आहे. शिशाचा सफेदा हवेतील गंधकाने काळवंडतो, आणि मग जुन्या चित्रात नाकाचा चकाकता शेंडा काळा ठिक्कर दिसतो! १८३४ पासून ‘चायनीज व्हाइट’ या नावाने जस्ताचा पांढरा विकला जाऊ लागला, तेव्हा ही अडचण सरली.

कोकणात हा कागद पावसाळ्यात विशेष उपयोगी पडतो. ओहोटीची ओली पुळण, आभाळ आणि खाडीचे पाणी या तिन्हींच्या छटा तेव्हा इतक्या जवळ येतात की कागद कोरा सोडला तरी चालतो. होडीचा डांबर फासलेला बुडखा कोळशाने दाबून काढावा, फुटत्या लाटेची कड आणि कौलांवरून निथळणाऱ्या पाण्याची चमक पांढऱ्या खडूने टिपावी. नवशिके पांढरा सढळ वापरतात आणि चित्र पिठात लोळल्यासारखे दिसते. पांढरा सर्वांत शेवटी व सर्वांत कमी, हे बरे. कुडाळजवळच्या पिंगुळीतील चित्रकथींची (चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्यांची) गोष्ट वेगळी : तिथे आकृती सपाट रंगांत भरतात, कागद नुसती पार्श्वभूमी राहतो; सावलीचा प्रश्नच येत नाही.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत कागद मऊ पडतो, कोळसा नीट धरत नाही, बुरशीचे ठिपके येतात. त्यामुळे चित्रे भिंतीला टेकवून न ठेवता कोरड्या कपाटात आडवी ठेवतात. फिक्सेटिव्ह (कोळसा व खडू कागदावर पक्का धरून ठेवणारा द्रव) फवारले की पांढरा खडू विरघळल्यासारखा मंद होतो. म्हणून आधी काळ्यावर फवारून ते वाळू देतात आणि पांढरे ठिकाण त्यानंतर उजळतात.