पार्श्वभूमी : पहाडावरची मुलं ठेंगणी का राहतात?

मेळघाटातल्या कुपोषणाचा विषय नागपुरात निघाला की "पहाडी भाग आहे, तिथली मुलं तशीच असतात" हे कुणीतरी म्हणतंच. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर. धारणीकडचा तापीचा पट्टा तर चिखलदऱ्याहून बराच खाली. मग या चढाचा मुलांच्या वाढीशी संबंध किती? याचा शोध विदर्भापासून फार दूर, फार उंचावर लागत गेला.

हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, पण वर जावं तसा हवेचा दाब घटतो. म्हणून लेहला, ३,५०० मीटरवर, प्रत्येक श्वासात सपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. दाबाचं हे गणित फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडलं. परिणाम गर्भातच सुरू होतो. दर हजार मीटरला जन्मवजन सरासरी १०० ग्रॅमने घटतं. तिबेटी बाळांमध्ये ही घट कमी दिसते. त्यांच्या पूर्वजांच्या असंख्य पिढ्या तिथंच वाढल्या.

१९६०च्या दशकात मानवशास्त्रज्ञ पॉल बेकर आणि रॉबर्टो फ्रिसांचो यांनी पेरूतल्या नुन्योआ भागात, ४,००० मीटरवर, मुलं मोजली. छाती रुंद, पण उंची कमी. वयात येतानाची झेप उशिरा आणि तीही मंद. मुलांची उंची विशीनंतरही थोडी वाढत होती. खापर ऑक्सिजनवर फुटलं. १९७२ मध्ये इथिओपियातून उलटंच चित्र आलं: ३,००० मीटरवरची मुलं १,५०० मीटरवरच्या मुलांपेक्षा उंच आणि वजनदार, कारण खाली हिवताप आणि इतर आजार जास्त. पुढे नुन्योआतच दिसलं, की खाऊन-पिऊन सुखी घरातली मुलं त्याच हवेत जास्त उंच होतात. आमच्या मते या वादाला खरं वळण इथं मिळालं.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे वाढीचे तक्ते, जे आज अंगणवाडीत वापरले जातात, १,५०० मीटरच्या आतल्या मुलांवर बेतलेले आहेत. ते पहाडाला लागू पडतात का, हे तपासताना २०२०च्या एका अभ्यासात ५९ देशांतली साडेनऊ लाखांवर मुलं घेतली गेली. निष्कर्ष: हजार मीटर चढाला वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर, म्हणजे मूल त्याच वयाच्या मध्यम उंचीपासून किती वर-खाली आहे ते सांगणारा आकडा, सरासरी ०.१६ने घटतो.

हा आकडा चिखलदऱ्याला लावून पाहा. आठशे मीटरचा फरक म्हणजे ०.१३. दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची ८७.१ सेंमी आणि खुरटेपणाची रेषा (झेड-स्कोअर उणे २) ८१.० सेंमी, त्यात पहाडाचा वाटा जेमतेम ०.४ सेंमी. याहून मोठी चूक तर मोजतानाच होते. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून मोजायचं, त्यावरच्याला उभं करून. पद्धत बदलली तर ०.७ सेंमी जोडावे किंवा वजा करावे लागतात, आणि तेच राहून जातं. आडवं मोजायला दोन माणसं लागतात: एक डोकं फळीला टेकवून धरतो, दुसरा गुडघे सरळ करून तळव्याला पट्टी लावतो. एकट्याने मोजलं की गुडघा वाकतो आणि बाळ कागदावर खुजं होतं. वय अंदाजाने लिहिलं असेल तर घोळ आणखी वाढतो.

भारतातल्या २०१५-१६च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही २,००० मीटरच्या वर खुरटेपणाचा धोका हजार मीटरखालच्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त दिसला. मेळघाटाची कुठलीच वस्ती तेवढ्या उंचीवर नाही. इथं आईचं वजन, लवकरची लग्नं, जुलाब, हिवताप आणि पावसाळ्यातली धान्याची चणचण पाहायला हवी. ते सोडून पहाडाचं नाव घेणं हा मुलांवर अन्याय आहे.

उंचीची दखल घ्यायलाच हवी ती रक्ततपासणीत. ऑक्सिजन कमी पडला की शरीर हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे रक्तक्षय झाकला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये यासाठी मर्यादेत मिळवायचे आकडे बदलले. १,००० ते १,४९९ मीटरसाठी पूर्वी रक्तक्षयाच्या मर्यादेत दर डेसिलिटरला ०.२ ग्रॅम मिळवत, आता ०.८. तीन वर्षांच्या मुलाची मर्यादा सपाटीवर ११.०, म्हणजे चिखलदऱ्यात ११.८. तिथल्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ आलं, तर जुन्या हिशेबाने ते ठीक होतं. नव्या हिशेबाने त्याला रक्तक्षय आहे.