रेनकोटच्या आतला पाऊस

सायकलसाठी रेनकोट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा पूर्ण वॉटरप्रूफ आहे ना? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्लॅस्टिकचा जाड कागदही पूर्ण वॉटरप्रूफ असतो. तो अंगाभोवती गुंडाळून चढावर थोडा वेळ सायकल मारून बघा. आतून इतकं भिजायला होतं की बाहेरचा पाऊस परवडला.

या आतल्या पाण्याचा आधी हिशेब मांडू. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा आपले स्नायू पेडलपर्यंत पोचवतात. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. बऱ्यापैकी जोरात सायकल चालवणारा माणूस पेडलवर 150 वॅट लावत असेल, तर त्याच वेळी त्याच्या अंगात 450 ते 500 वॅट उष्णता तयार होत असते. एक लिटर घाम वाळायला साधारण 24 लाख ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे ही सगळी उष्णता घामावाटे घालवायची म्हटली, तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळायला हवा. एरवी समोरून येणारा वारा हे काम बिनबोभाट करतो. रेनकोट चढवला की त्या वाऱ्याची वाट बंद होते, आणि घाम मात्र यायचा थांबत नाही.

पाणी आत येऊ न देणारं, पण वाफ बाहेर सोडणारं कापड हवं, ही गरज इथूनच आली. 1969 साली बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला एकदम जोरात हिसका दिला आणि ती तुटण्याऐवजी कित्येक पट ताणली गेली. ताणल्यावर त्या पदार्थात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पावसाच्या थेंबाच्या मानाने ही छिद्रं हजारो पट लहान, आणि वाफेच्या रेणूच्या मानाने शेकडो पट मोठी. शिवाय टेफ्लॉनला पाणी चिकटत नाही. त्यामुळे पाणी छिद्रात शिरू शकत नाही, वाफ मात्र निसटते. गोर-टेक्स नावाचं कापड यातूनच आलं. पॉलियुरेथेनचे पातळ पापुद्रे वापरणारी कापडंही आहेत. त्यातल्या काहींत छिद्रं नसतातच, वाफेचे रेणू पापुद्र्यात शोषले जातात आणि पलीकडून बाहेर पडतात.

जॅकेटच्या लेबलवर दोन आकडे असतात. पहिला पाणी अडवण्याचा. 10,000 मिलिमीटर लिहिलं असेल, तर त्या कापडावर 10 मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपणार नाही. हा दाब जवळपास एका वातावरणाइतका होतो, आणि सायकलवर तो कुठून येणार? पाठीवर जड सॅक असेल तर पट्ट्यांखाली थोडा दाब पडतो, एवढंच. या आकड्याच्या मागे फार धावण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी शिरतं ते कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याला मिळालेली वाट असते. जॅकेट उलटं करून शिवणींवर आतून टेप चिकटवलेली आहे का, ते बघा. टेप नसेल तर लेबलवरच्या पहिल्या आकड्याला काही किंमत नाही.

दुसरा आकडा वाफेचा: एका चौरस मीटर कापडातून 24 तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर गेली. 20,000 हा आकडा चांगला मानतात. तासाचा हिशेब केला तर 830 ग्रॅम होतात, म्हणजे आपला पाऊण लिटर घाम सहज निघून जायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि याचं कारण हवेत आहे. हा आकडा काढण्याच्या एका प्रचलित चाचणीत कापडाच्या एका बाजूला पाणी असतं आणि दुसऱ्या बाजूला ओलावा अधाशासारखा शोषून घेणारं द्रावण. पावसात बाहेरची हवा अशी कोरडी कुठे असते?

वाफ पलीकडे जाते ती दोन्ही बाजूंच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या, 35 अंशांच्या त्वचेलगत हा दाब सुमारे 5.6 किलोपास्कल असतो. बाहेर 10 अंशांची, ओलाव्याने भरलेली हवा असेल तर तिथे तो 1.2 असतो, फरक 4.4 चा. तोच पाऊस 25 अंशांत पडत असेल तर बाहेरचा दाब 3.2 वर जातो आणि फरक उरतो 2.4, जवळपास निम्मा. उबदार, दमट पावसात उत्तमातलं उत्तम कापडही वाफेच्या बाबतीत अर्ध्या ताकदीवर येतं. थंडीतही सुख पूर्ण नाही, कारण गार कापडाच्या आतल्या बाजूला वाफ निवून थेंब धरतात.

मग रेनकोट घालायचा कशासाठी? ऊब राखण्यासाठी. ओल्या अंगावर वारा लागला की शरीराची उष्णता झपाट्याने ओढली जाते. चढ संपून उतार लागतो तेव्हा पाय थांबतात, वेग वाढतो, आणि काही मिनिटांत ब्रेकवरची बोटं बधिर होतात. हा धोका खरा आहे. तासाभराच्या दमदार चालवण्यात पूर्ण कोरडं राहण्याची हमी कोणतंच जॅकेट देऊ शकत नाही. ओल्या अंगाला वारा लागू न देणं मात्र हलक्यातलं हलकं जॅकेटही करतं. म्हणून उबदार प्रदेशात आणि थोड्या वेळाच्या सरींत मी 100 ग्रॅमच्या आतबाहेरचं, वारा अडवणारं पातळ जॅकेट महागड्या जाड जॅकेटपेक्षा वरचं मानतो. तासन्‌तास चालणाऱ्या गार पावसात मात्र 200 ते 300 ग्रॅमचं, बाहेरचं कापड, पापुद्रा आणि अस्तर अशा तीन थरांचं जॅकेट हवंच. तिथे वजन वाचवणं अंगाशी येतं.

हलकेपणाला महत्त्व देण्याचं कारण साधं आहे. बहुतेक वेळ हे जॅकेट अंगावर नसतं, जर्सीच्या मागच्या खिशात किंवा सीटखालच्या पिशवीत असतं. जड असलं की ते घरीच राहतं. कापड किती बारीक हे डेनियरवरून कळतं: 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 10 ते 20 डेनियरचं जॅकेट मुठीएवढं होतं, पण काट्याकुट्यात, किंवा सॅकच्या पट्ट्याखाली रोज घासून, लवकर विरतं.

सायकलस्वाराला पाऊस वरून नाही, समोरून लागतो. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो, म्हणजे ताशी 23 किलोमीटर. तुम्हीही त्याच वेगाने जात असाल तर वारा नसतानाही पाऊस 45 अंशांत तिरका येऊन छातीवर आणि मांड्यांवर आदळतो. चालण्यासाठी शिवलेला रेनकोट इथे तोकडा पडतो: पुढे वाकलं की पाठ उघडी, हात लांबवले की मनगटं उघडी, आणि पोटावर कापडाचा फुगा. सायकलच्या जॅकेटला मागचा घेर लांब, बाह्या लांब आणि पुढची बाजू आखूड हवी. दुकानात उभं राहून नाही, हँडल धरल्यासारखं वाकून मापाला घालून बघा. टोपी असेल तर मान वळवून मागची वाहनं दिसतात का, हेही तपासा. पाठीवरचा चिखल थांबवायचं काम मडगार्डचं. ते जॅकेटवर सोपवू नये.

कापडापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे झडप. काखेतली चेन, पाठीवरचा झाकलेला झरोका, दोन्हीकडून उघडणारी पुढची चेन: हवा थेट आतबाहेर झाली की वाफेला पापुद्र्याची मिनतवारी करावी लागत नाही. पाँचो तर खालून पूर्ण मोकळा असतो. शहरात, संथ वेगाला तो मला सगळ्यात सुखाचा वाटतो. मोकळ्या रस्त्यावर वारा सुटला की त्याचं शीड होतं आणि सायकल सांभाळणं कठीण जातं.

राहता राहिलं वरचं लेपन. नव्या जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, ते पाणी झटकणाऱ्या लेपामुळे. तो झिजला की खांद्यावर गडद डाग दिसू लागतात. पाणी आत आलेलं नसतं, पण बाहेरचं कापड पाण्याने भरतं, वाफेची वाट बंद होते आणि जॅकेट गळतंय असं वाटतं. पूर्वी या लेपांत फ्लोरिनची संयुगं सर्रास असत. त्यांतलं पीएफओए निसर्गात विघटन पावत नाही. निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत 2019 साली ते घातलं गेलं. फ्लोरिनविरहित नवे लेप पाणी झटकतात, पण तेल नाही. सायकलच्या चेनचं वंगण, सनस्क्रीन, मानेवरचा तेलकटपणा यांनी ते लवकर मंदावतात. म्हणून असं जॅकेट वरचेवर धुवायला हवं: सौम्य साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, भरपूर पाण्यात खळबळणं, आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरची मंद ऊब. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. ओलं जॅकेट बोळा करून पिशवीत विसरू नका. ओलाव्यात पॉलियुरेथेनचा थर हळूहळू सुटतो आणि आतून साल निघाल्यासारखे पापुद्रे गळायला लागतात. घरी आल्यावर आधी ते हँगरवर उलटं टांगा, मग सायकल पुसा.