वाळूवरची होडी, पाण्यातली होडी

गोव्यात मोरजीला वाळूवरून होडी ओढायला कधी हात लावलाय? सात-आठ जण घामाघूम होतात आणि होडी वीतभर सरकते. तीच होडी शापोरा नदीच्या पाण्यात तरंगायला लागली की शाळकरी पोरगासुद्धा एकटा ढकलतो. मग सगळे म्हणतात, "पाण्यात होडी हलकी होते." तिचा भार पाणी तोलून धरतं, एवढंच खरं. तिच्यातलं वस्तुमान रतीभरही घटत नाही. गेलेलं असतं ते घर्षण. जडत्व होतं तेवढंच राहिलेलं असतं. आपल्या हाताला दोन्ही 'जड'च लागतात, म्हणून गल्लत होते.

घर्षणाला दोन पृष्ठभाग लागतात, एकमेकांवर दाबलेले. आणि त्याला उंबरठा असतो: ठरावीक जोर लावेपर्यंत होडी ढिम्म हलत नाही, मग एकदम सुटते. सुटल्यावर ओढायला जरा सोपं जातं, पण हात सोडले की जागीच थांबते.

जडत्वाला असा उंबरठा नाही. शांत पाण्यात एका बोटाने रेटत राहा, होडी हलणारच, फक्त सावकाश. आणि हात काढल्यावरही ती चालत राहते. जडत्व गतीला विरोध करत नाही, गती बदलायला करतं. हे पचायला माणसाला फार वेळ लागला. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून पाहिले, न्यूटनने १६८७ मध्ये पहिला नियम म्हणून मांडलं. आपल्या आसपास सगळीकडे घर्षणच, तेव्हा सोडलेली वस्तू आपसूक थांबते असं वाटणं साहजिक आहे.

आता थोडा हिशेब. होडी ५०० किलोंची धरू. वाळूचं घर्षण वजनाच्या निम्मं धरलं, तर ओढायला २५० किलोंच्या भाराएवढा जोर हवा. आठ जणांत वाटला तर माणशी तिसेक किलो. पाण्यात मात्र १० किलोंच्या भाराएवढा रेटा ५ सेकंद दिला की होडी सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने निघते (पाण्याचा विरोध इतक्या कमी वेगाला थोडाच असतो, तो सोडून दिलाय). गंमत पुढेच आहे. तीच होडी धक्क्याला टेकताना १० सेंटिमीटरांत थांबवायची, तर पुन्हा साधारण २५० किलोंचाच जोर लागतो!

लहानपणी मी होडी आणि धक्क्याच्या मध्ये हात घातला होता. "हात काड!" म्हणून कोणीतरी ओरडलं, म्हणून बोटं शाबूत आहेत. किती हळू येत होती होडी! धक्क्याला जुने टायर बांधतात तेही याचसाठी: टायर दबला की थांबायला चार बोटं जास्त जागा मिळते आणि धक्का तेवढा कमी बसतो. पणजी-बेतीची फेरीबोट बघा. तिला चाकं नाहीत, ब्रेक नाही. काठ जवळ आला की पाणी उलट ढकलूनच ती वेग कमी करते.

गुरुत्वाकर्षण यात कुठे? घर्षणाच्या बाजूला. होडी वाळूवर दाबली जाते ती त्याच्यामुळे. चंद्रावर तीच वाळू, तीच होडी नेली तर घर्षण सहाव्या हिश्शावर येईल, पण अंगावर येणारी होडी थोपवायला इथल्याइतकीच ताकद लागेल.

जूनच्या पहिल्या सरीत स्कूटर घसरते तेव्हा याच दोघांचा हिशेब चुकतो. ताशी ४० किलोमीटर वेग असेल तर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९ मीटरांत थांबू शकते. तेल, धूळ आणि पाण्याने घर्षण निम्म्यावर आलं की १८ मीटर. जडत्व काही निम्मं होत नाही. डबलसीट असलं की गाडी जास्त लांब जाते, हे मात्र अर्धवट खरं. वजन वाढलं की जडत्व वाढतं, पण टायर रस्त्यावर दाबला जातो म्हणून घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. ब्रेक दमदार असेल तर अंतर जवळपास तेवढंच. झिजलेल्या ब्रेकची गोष्ट वेगळी.